लग्नाची डीव्हीडी संगणकावर कशी उतरवायची: आधी जशीच्या तशी प्रत, मग रूपांतर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी आल्या की संध्याकाळी जुन्या लग्नांच्या डीव्हीडी लावायच्या, ही आमच्या घरची रीत. दोन वर्षांपूर्वी आत्याच्या लग्नाची लावली. २००७ सालचं लग्न, अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, दारातच मांडव, एकूण तीन डिस्क. हळद नीट चालली, लग्न लागलं, पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी वाढून झाली. तिसऱ्या डिस्कवर पाठवणीची वेळ आली आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज अडकला. आजोबा आत्याच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे येतात, तो हात हवेतच थांबला. आजोबा २०१२ साली गेले. त्यांचं चालतंबोलतं चित्र आमच्याकडे तेवढंच आहे.

ती डिस्क तीन दिवस खपून मी उतरवली. चार-पाच सेकंद गेले, बाकी सगळं मिळालं. तेव्हापासून नात्यातल्या, गल्लीतल्या बऱ्याच डिस्क उतरवून झाल्या. प्रत्येकाला पहिल्यांदा जे सांगतो तेच इथे सांगतो: फाइल कुठली, सेटिंग कुठलं, हे सगळं नंतर. आज फक्त डिस्कची जशीच्या तशी प्रत संगणकावर घ्या. रूपांतर, म्हणजे टीव्ही-मोबाइलवर चालेल अशी एमपी४ फाइल करणं, पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल. डिस्क मात्र तेवढी थांबेलच असं नाही.

डिस्क का मरते

लग्नाचा व्हिडिओवाला देतो ती डिस्क बहुतेक वेळा डीव्हीडी-आर असते. पॉलिकार्बोनेटच्या दोन पातळ चकत्या, प्रत्येकी ०.६ मिलिमीटर, एकमेकींना चिकटवलेल्या, आणि त्यांच्या मध्ये रंगाचा थर. ड्राइव्हमधला लेझर त्या रंगावर खुणा करतो आणि त्या खुणा म्हणजेच तुमचं लग्न. दुकानातून विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कवर खड्डे साच्यातून दाबून काढलेले असतात, ते टिकाऊ. आपल्या डिस्कवर नुसता रंग. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो बिघडतो.

आता आपलं खान्देश बघा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. जुनी धाब्याची घरं निदान आतून गार असायची. आता स्लॅब नाहीतर पत्रा, आणि डिस्कचं पाकीट लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर, म्हणजे घरातल्या सगळ्यात तापणाऱ्या जागी. अशी पंधरा-अठरा वर्षं काढलेली डिस्क अजून चालते हेच पुष्कळ.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. डीव्हीडीवर मजकूर आतल्या वर्तुळापासून बाहेरच्या कडेकडे लिहिला जातो. बोटं लागतात ती कडेला, ओरखडे जास्त कडेला, रंगही बऱ्याचदा कडेकडूनच जायला लागतो. काठोकाठ भरलेल्या डिस्कवर म्हणूनच शेवटचा भाग आधी जातो. लग्नाच्या डिस्कवर शेवटी काय असतं? पाठवणी. सुरुवातीची पाच मिनिटं चालवून ‘आपली डिस्क चांगली आहे’ असं म्हणू नका. शेवट लावून बघा.

हाताशी काय हवं

डीव्हीडी ड्राइव्ह असलेला संगणक. नव्या लॅपटॉपला तो नसतो, त्यामुळे यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह लागेल. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये मिळतो, धुळ्या-नंदुरबारलाही संगणकाच्या दुकानात विचारा. विकत घ्यायच्या आधी मात्र घरात, शाळेत, ओळखीच्या दुकानात अडगळीत पडलेला जुना डेस्कटॉप शोधा. त्यातला मोठा ड्राइव्ह खराब डिस्क वाचायला पुष्कळदा या छोट्या ड्राइव्हपेक्षा सरस ठरतो. बाहेरचा ड्राइव्ह वापरणार असाल तर तो थेट लॅपटॉपला जोडा, मधे यूएसबी हब नको. वीज कमी पडली की तो डिस्क फिरवताना अडखळतो आणि दोष डिस्कला लागतो. वायरीला दोन यूएसबी तोंडं असतील तर दोन्ही लावा.

जागा: साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात, दुपदरीवर ८.५. (संगणक हेच ४.३७ जीबी असं दाखवेल. मोजायची रीत वेगळी, माल तोच.) वीस डिस्क असतील तर मूळ प्रतींसाठी शंभर जीबी आणि तयार फायलींसाठी आणखी तीसेक जीबी धरून चाला.

प्रोग्राम तीनच लागतात, तिन्ही फुकट: बघायला व्हीएलसी, डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घ्यायला इमगबर्न, आणि रूपांतराला हँडब्रेक. हँडब्रेक त्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्या, म्हणजे हँडब्रेक डॉट एफआर. नावाशी खेळ करणारी दुसरी पानं खूप आहेत. इमगबर्न बसवताना पडद्यावर येईल ते वाचत पुढे जा, सोबत दुसरा काही प्रोग्राम बसवू का असं विचारलं तर नाही म्हणा.

आधी डिस्क ओळखा

पाकिटावर ‘सीडी’ लिहिलेलं असतं, पण आपल्याकडे कशालाही सीडीच म्हणतात. डिस्क ड्राइव्हमध्ये घाला आणि ‘धिस पीसी’ मधून तिच्यावर उजवं बटण दाबून ‘ओपन’ करा.

आत व्हिडिओ-टीएस नावाचा फोल्डर दिसला तर ती डीव्हीडी. त्यात व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा शेपटांच्या फायली असतात. चित्र आणि आवाज व्हीओबीत. कुठला तुकडा कुठे सुरू होतो त्याची यादी आयएफओत, आणि त्या यादीचीच दुसरी प्रत बीयूपीत. एक व्हीओबी एक जीबीपेक्षा मोठी नसते, म्हणून अखंड लग्नसुद्धा चार-पाच तुकड्यांत दिसेल. तुकडे बघून घाबरू नका, आणि त्यांची नावं बदलू नका.

एमपीईजी-एव्ही नावाचा फोल्डर आणि त्यात डॅट शेपटाची फाइल दिसली तर ती व्हीसीडी. २००० ते २००५ च्या आसपासची लग्नं आणि गावोगाव विकल्या गेलेल्या अहिराणी गाण्यांच्या, खान्देशी कॉमेडीच्या चकत्या बहुतेक याच. तिचं चित्र फक्त ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, त्यातून जादू निघणार नाही. डॅट फाइल संगणकावर कॉपी करा. व्हीएलसी ती चालवतो, आणि त्यातल्याच ‘कन्व्हर्ट-सेव्ह’ ने एमपी४ करता येते.

तिसरा प्रकार लहान चकतीचा, ८ सेंटिमीटरचा. काही हँडीकॅम थेट तिच्यावर चित्रण करायचे. ती संगणकात रिकामी दिसली तर ती रिकामी आहे असं समजून फेकू नका. कॅमेऱ्यात ‘फायनलाइज’ केल्याशिवाय ती दुसरीकडे वाचली जात नाही. तो कॅमेरा अजून कुणाकडे असेल तर चार्जरसकट मागून आणा. आणि जिथे डिस्क नुसती फटीत सरकवायची असते अशा ड्राइव्हमध्ये ही चकती कधीही घालू नका, अडकून बसते.

पुसणं

यात घाई करू नका. मऊ सुती कापड घ्या, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतराचं फडकं सगळ्यात छान. डिस्क कडेला आणि मधल्या भोकाला धरा. आधी नुसती धूळ झटका, कारण आपल्याकडची धूळ बारीक असली तरी खरखरीत असते आणि दाबून पुसली तर तीच ओरखडे काढते. मग फडकं साध्या स्वच्छ पाण्यात किंचित ओलं करून मधून बाहेर, सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसायचं नाही. डिस्कवर मजकूर गोल रेघेत असतो. आडवा ओरखडा पडला तर त्या रेघेतला एक बारीकसा तुकडा जातो आणि ड्राइव्ह तो भरून काढतो. ओरखडा रेघेच्या दिशेनेच गेला तर सलग मजकूर जातो आणि तो भरून काढता येत नाही. तेलकट डाग असेल तर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब चालेल. टूथपेस्ट, रॉकेल, थिनर यातलं काहीही नको.

वरच्या बाजूला नवरा-नवरीचा फोटो असलेला कागदी स्टिकर चिकटवलेला असतो. तो सोलू नका. सोलताना डिस्क वाकते आणि दोन चकत्यांमधला जोड सुटू शकतो. स्टिकर एका बाजूला उचकला असेल तर तेवढाच दाबून बसवा.

जशीच्या तशी प्रत

इमगबर्न उघडा. ‘क्रिएट इमेज फाइल फ्रॉम डिस्क’ निवडा, फाइल कुठे ठेवायची ते सांगा, वाचण्याचा वेग ४ एक्सवर आणा आणि सुरू करा. चांगली डिस्क पंधरा-वीस मिनिटांत होते. हाती येते एक आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी डिस्क, मेनूसकट, एका फाइलमध्ये. व्हीएलसीत ती थेट डिस्कसारखी चालते. मॅकवर हेच काम ‘डिस्क युटिलिटी’ करते.

एवढंही जमत नसेल तर व्हिडिओ-टीएस फोल्डर नुसता कॉपी करून हार्ड डिस्कवर पेस्ट करा. घरगुती लग्नाच्या डिस्कवर कुलूप, म्हणजे कॉपी करू न देणारी तजवीज, नसतं, त्यामुळे ही साधी प्रतही पूर्ण काम देते. झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून आकडा जुळतो का ते बघा.

प्रत्येक डिस्कला वेगळा फोल्डर करा. सगळ्या डिस्कांवर फायलींची नावं एकसारखीच असतात. एकाच ठिकाणी टाकल्या तर दुसरी डिस्क पहिलीवर लिहिली जाईल, आणि लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असेल.

डिस्क अडकली तर

विंडोज ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा संदेश देईल, किंवा टक्केवारी एका जागी थांबेल आणि ड्राइव्हमधून घरघर येत राहील. अशा वेळी तासन्‌तास चालू ठेवू नका. ड्राइव्ह तापतो, डिस्कही तापते. बंद करा, डिस्क काढा, गार होऊ द्या, पुन्हा पुसा, वेग आणखी कमी करा.

तरीही नाही झालं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये. हा उपाय सगळ्यात जास्त वेळा लागू पडतो. प्रत्येक ड्राइव्हचा लेझर, त्याचं भिंग, त्यावरची धूळ वेगळी. आत्याची तिसरी डिस्क माझ्या लॅपटॉपच्या ड्राइव्हने ७८ टक्क्यांवर सोडली, चुलतभावाच्या ड्राइव्हने ९१ वर, आणि एका मित्राच्या टायपिंग सेंटरमधल्या जुन्या डेस्कटॉपने ती जवळजवळ शेवटपर्यंत नेली. मेच्या दिवसांत हे काम मी पहाटे पाचला करायचो, खोली गार असताना. त्याने फरक पडतो, हे मी तीन दिवसांत बघितलं.

शेवटचा मार्ग लिनक्समधला डीडी-रेस्क्यू. तो आधी सहज वाचता येईल ते सगळं उचलतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो, आणि मग त्या जागांवर पुन्हा पुन्हा परत येतो. कुठलं मिळालं, कुठलं राहिलं याची वही तो स्वतः ठेवतो, म्हणून उद्या दुसऱ्या ड्राइव्हवर तेच काम पुढे चालू करता येतं. नवख्या माणसाला तो अवघड वाटेल. कॉलेजात संगणक शिकणारा भाचा किंवा पुतण्या असेल तर हे काम त्याच्याकडे द्या. चार-पाच सेकंदांची जागा कोरी राहिली तरी बाकी दोन तास वाचतात.

हँडब्रेक

आता घाई संपली. मूळ माल हार्ड डिस्कवर आहे, चूक झाली तर पुन्हा करता येईल.

हँडब्रेक उघडा आणि ‘ओपन सोर्स’ मध्ये आयएसओ फाइल किंवा व्हिडिओ-टीएस फोल्डर द्या. एकेक व्हीओबी देऊ नका, पूर्ण फोल्डर द्या, म्हणजे तुकडे तो क्रमाने जोडतो. वर ‘टायटल’ चा, म्हणजे डिस्कवरच्या स्वतंत्र भागांचा, खाना दिसेल. नवखे लोक इथेच चुकतात. डिस्कच्या मेनूत हळद, लग्न, रिसेप्शन अशी बटणं असतील तर ती बऱ्याचदा वेगवेगळी टायटल असतात. हँडब्रेक सगळ्यात लांबलचक टायटल निवडून ठेवतो आणि हळद मागेच राहते. खाना उघडा, प्रत्येक टायटलची लांबी बघा, एकेक निवडून ‘ॲड टू क्यू’ करा.

प्रीसेटमध्ये, म्हणजे आधीच जुळवून ठेवलेल्या सेटिंगांत, ‘जनरल’ गटातलं ‘एचक्यू ५७६पी२५ सराउंड’ घ्या. आपल्या देशात पाल पद्धत, म्हणजे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं आणि सेकंदाला २५ चित्रं. नाव त्यावरूनच आलं. १०८०पीचं प्रीसेट निवडून चित्र सुधारत नाही. डिस्कवर जे नाही ते कुठून येणार? फाइल तेवढी फुगते. ‘डायमेन्शन्स’ मधलं बाकी सगळं आहे तसं राहू द्या. डीव्हीडीचे ठिपके चौकोनी नसतात, हँडब्रेक ते जाणतो आणि चेहरे बरोबर दाखवतो. हाताने आकडे घातले की माणसं जाडी किंवा उंचाडी दिसायला लागतात.

‘व्हिडिओ’ मध्ये एन्कोडर एच.२६४. दर्जाची पट्टी, जिला तिथे आरएफ म्हणतात, १८ ते २२ च्या मध्ये. आकडा लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. मी लग्नांना २० ठेवतो, दोन तासांची फाइल साधारण एक ते दोन जीबी होते. एच.२६५ ने जागा वाचते हे खरं, पण मावशीच्या घरचा जुना टीव्ही ती चालवेलच असं नाही. घरच्या माणसांसाठी करतोय, तर सगळ्यांकडे चालणारं घ्या.

‘ऑडिओ’ मध्ये प्रकार एएसी, बिटरेट १६० किंवा त्याहून जास्त. डीव्हीडीवर आवाज बहुधा एसी-३ असतो आणि काही मोबाइलवर तो वाजतच नाही, नुसतं मुकं चित्र दिसतं.

आता ‘फिल्टर्स’, इथे मी थोडा रेंगाळणार आहे. त्या काळच्या कॅमेऱ्यांचं एक चित्र म्हणजे खरं तर दोन अर्धी चित्रं: एकात विषम रेघा, दुसऱ्यात सम, आणि दोन्हींमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. जुन्या डबा टीव्हीवर ते कळत नसे. संगणकावर हळदीचा प्रसंग थांबवून बघा. मोठी आई वाटीतून हळद घेऊन आत्याच्या गालाकडे हात नेते. स्थिर गाल स्वच्छ, पण हलणाऱ्या हाताला आणि बांगड्यांना आडवे दाते, जणू कुणी फणी फिरवली. हे दाते काढायला ‘डीइंटरलेस’ मध्ये ‘यादीफ’ निवडा आणि त्याच्या प्रीसेटमध्ये ‘बॉब’. मग ‘व्हिडिओ’ मधल्या फ्रेमरेटच्या खान्यात ५० घाला. त्यामुळे दोन्ही अर्ध्यांची दोन वेगळी चित्रं होतात आणि वरातीतला नाच, डफावरचा हात, हळदीचा हात, सगळं पूर्वी टीव्हीवर दिसायचं तितकंच सरळ वाहतं. बॉब न घेतल्यासही दाते जातात, पण हालचाल किंचित झटक्याची होते. मला हा फरक मोठा वाटतो, म्हणून फाइल थोडी वाढली तरी मी बॉबच घेतो.

पुष्कळ जुनी लग्नं आधी व्हीएचएस कॅसेटवर होती आणि नंतर डीव्हीडीवर आली. त्यांच्या तळाशी लुकलुकणारी पट्टी दिसते. ‘क्रॉपिंग’ मध्ये खालचे आठ-दहा ठिपके कापा, जाते. ‘डीनॉइज’ मात्र लावू नका. दाणे जातात तसे चेहऱ्याचे बारकावेही जातात, म्हातारी माणसं मेणाची दिसायला लागतात.

पूर्ण दोन तास लावण्याआधी ‘रेंज’ मध्ये सेकंद निवडून एका मिनिटाचा नमुना काढा. हलता प्रसंग निवडा. टीव्हीवर, मोबाइलवर चालवून बघा, पटलं की मग ‘स्टार्ट’. संगणकाचं ‘स्लीप’ बंद करा. लोडशेडिंगची वेळ चुकवा, कारण अर्धवट राहिलेली एमपी४ उघडतच नाही, पहिल्यापासून करावी लागते. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, फरशीवर किंवा पाटावर ठेवा.

आवाज

लग्नाच्या डिस्कमध्ये आम्हाला सगळ्यात मोलाचं काय सापडलं, तर बायांची गाणी. हळदीची, मांडवाची, अहिराणीतली. आमच्या मोठ्या आईला पाठ असलेली कितीतरी गाणी माझ्या बहिणींना येत नाहीत, आणि ती कुठे लिहिलेलीही नाहीत. व्हिडिओवाल्यांनी पुष्कळ ठिकाणी मूळ आवाज काढून सिनेमाची गाणी भरली, पण मधेच, बहुधा घाईत, मूळ आवाज राहून गेलेला असतो. आत्याच्या पहिल्या डिस्कवर अकरा मिनिटं असा आवाज आहे. मागे जातं फिरतंय, कुणी पोराला ओरडतंय, आणि त्यावर सात-आठ बायांचं गाणं.

म्हणून ‘कंटाळवाणा भाग’ कापू नका. आणि लग्नाचा व्हिडिओवाला अजून धंद्यात असेल तर त्याला भेटून विचारा, मूळ कॅसेट शिल्लक आहे का. त्यावर सगळा खरा आवाज असतो. बहुतेकांनी कॅसेट पुन्हा वापरल्या, तरी विचारायला काही जात नाही.

सिनेमाच्या गाण्यांचा आणखी एक त्रास: अशी फाइल यूट्यूबवर चढवली की गाण्याच्या मालकाचा दावा येतो, कधी आवाज बंद होतो. घरात बघायला काही अडचण नाही. लग्नाच्या चित्रणाबाबत कायदाही तुमच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्रणाचा पहिला मालक वेगळा करार नसेल तर करून घेणाराच असतो. विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कचं तसं नाही. तिच्यावर कुलूप असतं, हँडब्रेक ते उघडत नाही, आणि हक्कांवर घाला घालायच्या हेतूने असं कुलूप तोडणं २०१२ च्या दुरुस्तीनंतर, कलम ६५-अ प्रमाणे, गुन्हा आहे. त्या डिस्क सोडून द्या. सिनेमा दुसरीकडे मिळतो, आजोबा मिळत नाहीत.

नाव आणि साठवण

फाइलच्या नावात साल आधी घ्या: २००७-०५, आत्या-लग्न, गाव, डिस्क-१, हळद. साल पुढे असलं की फायली आपोआप क्रमाने लागतात. नाव रोमन अक्षरांत लिहिलेलं बरं, काही टीव्ही देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात.

तयार फाइल सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तिन्ही ठिकाणी चालवून बघा, आवाज आणि ओठ जुळतात का बघा. मग दोन प्रती, दोन वेगवेगळ्या घरांत. आमची एक गावी, एक पुण्याला भावाकडे. पेनड्राइव्हवर भरोसा ठेवून राहू नका, तो वाटायला चांगला, साठवायला नाही. पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल तर तो फॅट-३२ पद्धतीचा आहे. आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून घ्या आणि तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर चित्र दाबून निकृष्ट होतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते. आयएसओ प्रत मात्र कायम ठेवा. उद्या आजच्यापेक्षा चांगलं रूपांतर करता येईल, पण त्यासाठी मूळ लागेल.

मूळ डिस्कही फेकू नका. पाकिटात घालून, उभी, खालच्या कप्प्यात, अंधारात.

आणि एक काम संगणकाचं नाही. फाइल तयार झाली की घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ वही घेऊन बसा. आम्ही आजीजवळ बसलो. चित्र थांबवायचं आणि विचारायचं, ‘हाई कोन शे?’ ती नाव सांगायची, गाव सांगायची, कुणाची कोण ते सांगायची. मी मिनिट-सेकंद लिहून पुढे नाव लिहायचो: १४ मिनिटं २० सेकंद, हिरवं लुगडं, आजीची चुलतबहीण, पारोळ्याची. तीन दुपारी लागल्या. ती यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाइप करून त्याच फोल्डरमध्ये, व्हिडिओच्याच नावाने ठेवली आहे. व्हिडिओची प्रत कुणाला दिली की यादीही सोबत जाते.